कॅरिअरवरून सीटवर

आमच्या घरात सायकल आली ती आईबरोबर. १९७३ सालची गोष्ट. बहात्तरच्या दुष्काळाने मराठवाड्याचं कंबरडं मोडलं होतं, चांगल्या घरची माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती, तरी लग्नाच्या बैठकीत मागायचं ते मागितलं गेलंच. सायकल, घड्याळ, रेडिओ. नवरदेवाच्या मानाच्या त्या काळातल्या या तीन वस्तू. आईच्या वडिलांनी हात जोडले. तिन्ही झेपायच्या नाहीत, एक नक्की देतो म्हणाले. आमच्या आजोबांनी सायकल निवडली. तिच्यापायी तिकडची दावणीची कालवड विकली गेली आणि मांडवात काळी, बावीस इंची सायकल येऊन उभी राहिली. हँडलला झेंडूचा हार, मडगार्डवर हळदीकुंकवाची बोटं. आई सांगते, वऱ्हाडातल्या निम्म्या लोकांनी नवरीच्या आधी सायकल बघून घेतली.

आईच्या बापाच्या पैशाची ती सायकल, पण आई बसायची मागे, कॅरिअरवर. दोन्ही पाय एका अंगाला सोडून, एका हाताने सीटखालची स्प्रिंग घट्ट धरून. दुसरा हात लुगड्याचा घोळ आवरायला, कारण तो चाकाच्या तारांत गेला तर माणूस आणि सायकल दोन्ही रस्त्यावर. त्याच हाताने मांडीवरचं लेकरूही सांभाळायचं. दुसरं लेकरू पुढे दांडीवर, टॉवेलची घडी करून बसवलेलं. चढ आला की दादा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, "उतर." मग दादा सायकल ढकलत पुढे आणि आई कडेवर पोर घेऊन मागे. माहेरच्या वाटेवर असे तीन चढ होते. आज सत्तरीला टेकलेल्या आईला ते तिन्ही चढ पाठ आहेत. उतार मात्र आठवत नाहीत म्हणते.

मी सायकल शिकलो ती दादांच्या दुपारच्या झोपेत. बावीस इंची सायकलच्या सीटवर पाय पुरायचं वय नव्हतं, म्हणून कैची. डावा हात हँडलला, उजव्या काखेत मधली दांडी आणि उजवा पाय त्या दांडीखालून पलीकडच्या पायडलवर. शरीर एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला कललेली. आधी अर्धंच पायडल मारता येतं, खाली दाबायचं आणि पुन्हा वर आणायचं. ज्या दिवशी पूर्ण फेरा बसतो त्या दिवशी गुडघ्यावरच्या सगळ्या खपल्यांचं चीज होतं. माझं चीज झालं ते ताईमुळे. मागे कॅरिअर धरून खळ्याला चकरा मारत तीच धावायची. ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. एकदा तिनंही दांडीखालून पाय घालून पाहिला. चुलतीनं लांबूनच हाक मारली, "हातपाय मोडून घेतलास तर कोण करून घेईल गं तुला?" ताईनं सायकल माझ्या हातात दिली आणि परत मागे येऊन कॅरिअर धरलं.

गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल पाच किलोमीटरवर, बाजाराच्या गावाला. ताईनं सातवीला पहिला नंबर काढला आणि ती घरी बसली. तिला "शिकू नको" असं कुणी म्हटलं नाही. गुरुजी घरी येऊन गेले तेव्हा आजोबांनी त्यांना चहा पाजला आणि एवढंच सांगितलं, "लांब पडतंय, गुरुजी." तीन वर्षांनी मी सातवी पास झालो. मला नंबर-बिंबर काही नव्हता. त्याच वाटेने, तेवढेच पाच किलोमीटर मी हायस्कूलला जाऊ लागलो. मला लांब पडलं नाही. माझ्या बुडाखाली सायकल होती.

या "लांब" शब्दावर मी पुढे पुष्कळ विचार केला. शहरात राहायला आल्यावर कळलं की इथे लांब म्हणजे किलोमीटर नव्हे, ट्रॅफिक. खेड्यात लांब म्हणजे पाय. माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. साध्या सायकलवर, घाई न करता, बारा ते पंधरा जातो. अंतर तिप्पट झालं असं वाटतं, पण गोष्ट तिथे थांबत नाही. घर मध्यभागी धरून वर्तुळ काढलं आणि त्याची त्रिज्या तिप्पट केली, तर आतली जमीन नऊपट होते. ज्या बाईला तासाभरात एक बाजार आणि एक दवाखाना गाठता येत होता, तिच्या टप्प्यात आता तीन बाजार, बँक, हायस्कूल आणि माहेरही येतं. ना गाव हललं, ना रस्ता. १९७३ सालीच, म्हणजे आईच्या मांडवात सायकल उभी होती त्या वर्षी, ऑक्सफर्डच्या एस. एस. विल्सन यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये हिशोब मांडला होता: वजन आणि अंतर यांच्या मानाने लागणारी ऊर्जा मोजली तर सायकलवरचा माणूस सगळ्या प्राण्यांना आणि यंत्रांना मागे टाकतो. चालताना लागते त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या ऊर्जेत तो तेवढंच अंतर कापतो. अर्धपोटी माणसाच्या देशात हा हिशोब भाकरीत करायला हवा. पाच भाकरींची वाट सायकल एका भाकरीत नेते.

आमच्या भागात सायकल हे वाहन कमी आणि बैल जास्त होती. दूधवाल्याच्या दोन्ही बाजूंना किटल्या. गारेगारवाल्याच्या मागे लाकडी पेटी. धार लावणारा यायचा तो सायकल स्टँडवर लावून तिच्यावरच बसायचा आणि पायडल मारून सहाण फिरवायचा; विळे, कोयते, अडकित्ते घेऊन बाया भोवती उभ्या राहायच्या. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की कॅरिअरच्या दोन्ही अंगांना घागरी, मधे एक कॅन, सगळं जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेलं, आणि असं ओझं घेऊन माणूस दोन-दोन मैलांवरून सायकल हातात धरून चालत यायचा. त्यावर बसता यायचं नाही, पण डोक्यावरच्या तीन खेपांचं पाणी एका खेपेत यायचं. जळगाव जिल्ह्यात शेंदुर्णीच्या गोपाळ भिसे यांनी तर सायकलीचा पुढचा भाग घेऊन त्याला कोळप्याची पास बसवली. बैलजोडी भाड्याने आणणं न परवडणाऱ्या शेतकऱ्याला एकट्याने कोळपणी करता यावी म्हणून. नाव ठेवलं 'कृषिराजा'. गरिबाच्या घरी वस्तू एकाच कामाची कधी नसते. टायर पार झिजला तरी त्याला काठीने पळवणारं पोर वाट बघत असतंच.

वाट बघण्याचं तर विचारूच नका. गरिबाचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं. एसटीची वाट, पावसाची, रेशनच्या गाडीची, मुकादमाच्या उचलीची. त्यातल्या त्यात एसटीची वाट ज्याने फाट्यावर बसून पाहिली आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. येईल की नाही, आली तर थांबेल की नाही, थांबली तर आत पाय ठेवायला जागा असेल की नाही. पुरुषाला उशीर झाला तर पुरुषाला उशीर होतो. मुलीला उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी तिची शाळा बंद होते. सायकल तुमची असेल तर निघायची वेळ तुमच्या हातात येते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे परत यायची वेळही. मुलीच्या आईबापाला नेमकी त्या परतीच्या वेळेचीच काळजी असते.

ताईचं लग्न झालं तेव्हा तिला अठरा पुरी व्हायची होती. साल १९९१. त्याच सुमारास तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात काय चाललं होतं ते मला पुढे पी. साईनाथ यांच्या 'एव्हरीबडी लव्ज अ गुड ड्राउट' या पुस्तकात वाचायला मिळालं. तिथे साक्षरतेची मोहीम सुरू होती, 'अरिवोळी इयक्कम' नावाची. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. मोहिमेतल्या कार्यकर्त्या बायकांना गावोगाव फिरायचं तर वाहन हवं, या साध्या अडचणीतून सायकल आली आणि थोड्याच दिवसांत अक्षरांच्या शेजारी जाऊन बसली. सही करता येणं आणि सायकल चालवता येणं, दोन्ही साक्षरताच असं तिथे मानलं गेलं. बँकांना बायकांना सायकलीसाठी कर्ज द्यायला लावलं. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, बालवाडीच्या ताई, गावच्या नर्सबाई, मुसलमान मुली, सगळ्या शिकायला आल्या. शिकलेलीने दुसरीला शिकवायचं. लाखभर बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली बाजारात पुरेनात, तेव्हा त्यांनी जेंट्स घेतल्या. काहींना तर तीच बरी वाटली, कारण तिच्या मधल्या दांडीवर लेकरू बसवता येतं. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. तीच काळी, उंच सायकल, तीच दांडी, दांडीवर टॉवेलची घडी, घडीवर लेकरू. फक्त हँडल आईच्या हातात.

टिंगल झाली, घाणेरडे शेरे मारले गेले, हेही साईनाथ लिहितात. पण भाजीपाला विकणाऱ्या बायकांचा हिशोब टिंगलीपेक्षा पक्का होता. बससाठी ताटकळण्यात जाणारे तास वाचले आणि जास्त गावं करता येऊ लागली. हे पैशांत मोजून झालं तरी मागे काहीतरी शिल्लक राहतं, ते मानाचं. देशाच्या कित्येक गावांत दलित माणसाला सवर्णांच्या आळीतून सायकलवर बसून जाता येत नसे. उतरून, हातात धरून चालत जावं लागे. सायकलीला घाबरून हा नियम झाला नव्हता. बसलेल्या माणसाची मान उभ्या माणसाच्या बरोबरीला येते, हे नियम करणाऱ्यांना नीट ठाऊक होतं. बायकांच्या बाबतीत तसा नियम करायची गरजच पडली नव्हती. "कोण करून घेईल गं तुला" एवढं पुरत होतं.

पुदुकोट्टैनंतर पंधरा वर्षांनी बिहारने तीच गोष्ट सरकारी दप्तरातून केली. २००६ साली नितीश कुमार यांच्या सरकारने नववीत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. सरकारी योजना म्हटलं की आपल्या ओठांना आपोआप एक बाक येतो, मलाही येतो. पण या योजनेचा कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला. २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. बिहारमधल्या मुलींची तुलना त्यांनी तिथल्या मुलांशी केली, आणि शेजारच्या झारखंडमधल्या मुलामुलींशीही, कारण तिथे अशी योजना नव्हती. माध्यमिक शाळेत मुलींचे प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढले होते. मुलगे आणि मुली यांच्यातलं अंतर ४० टक्क्यांनी कमी झालं होतं. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली १८ टक्क्यांनी वाढल्या आणि पास होणाऱ्या १२ टक्क्यांनी. मला सगळ्यात जवळचा वाटला तो त्यातला आणखी एक शोध. हा फरक पडला तो मुख्यतः अशा गावांत, जिथून हायस्कूल तीन किलोमीटरपेक्षा जास्त लांब होतं. म्हणजे अडसर अंतराचा होता. आजोबा गुरुजींना खोटं बोलले नव्हते. खरंच लांब पडत होतं. फक्त ते लांब कुणाला पडतं आणि कुणाला नाही, हे घरात ठरत होतं.

या अभ्यासाने सुचवलेली आणखी एक गोष्ट बिहारला न जाताही समजण्यासारखी आहे. एका घरातली एक मुलगी सायकलवर निघाली तर ती बोलण्याचा विषय होते. वर्गातल्या सगळ्या मुलींना एकाच वर्षी सायकली मिळाल्या आणि त्या घोळक्याने निघाल्या, तर तो रस्त्यावरचा रोजचा देखावा होतो. घोळक्याला कुणी अडवत नाही. चुलतीनं एका ताईला हाक मारली होती. वीस जणींना हाक मारायला चुलती कुठून आणणार?

आपल्याकडेही हे आलं. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, ज्यांचं घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत आहे त्यांना, सायकलीसाठी पैसे मिळतात. त्याच कार्यक्रमातल्या मुलींच्या निळ्या एसटी गाड्या अनेकांनी पाहिल्या असतील. बीड, लातूर, धाराशिवकडे सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला आडरस्त्याने गेलात तर दोन वेण्या, पाठीवर दप्तर, मडगार्डला अजून प्लास्टिक गुंडाळलेलं, अशी रांग दिसते. अशाच रांगेत गेल्या वर्षी ताईची नात सामील झाली.

नात ताईकडेच असते. तिचे आईबाप, म्हणजे ताईची मुलगी आणि जावई, दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात ते उन्हाळ्यात परततात. आधी नातही बरोबर जायची, पाचटात झोपायची, तान्ह्या भावाला सांभाळायची. आता ती आठवीत आहे आणि हायस्कूल साडेचार किलोमीटरवर आहे. सायकल मंजूर झाली ती शाळा सुरू होताना, हातात पडली ती दिवाळी उलटल्यावर. लालभडक, पुढे जाळीची टोपली. महिन्याभरात पुढचा ब्रेक ढिला झाला आणि स्टँडचा एक पाय वाकला. तरी ती सायकल रात्री घरात, कणगीच्या शेजारी झोपते. ताई म्हणाली, "बकरू बाहीर बांधते, पण हिला आतच घेते."

डिसेंबरात मी ताईकडे गेलो होतो त्या संध्याकाळी नातीला घरी यायला उशीर झाला. सहा वाजले, साडेसहा झाले, अंधार पडायला लागला. ताई चारदा वेशीपर्यंत जाऊन आली. शेवटी दोघी दिसल्या, नात आणि तिची मैत्रीण, दोघी पायी, दोन सायकली हातात धरून. नातीचं मागचं चाक बसलेलं होतं. मैत्रिणीची सायकल धड होती, तरी ती नातीला सोडून पुढे गेली नव्हती. ताई काही बोलली नाही, नातीच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मला मात्र दिसलं की ताईच्या चेहऱ्यावर आजोबांचा "लांब पडतंय" क्षणभर येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातीबरोबर फाट्यावर गेलो. लिंबाखाली पंक्चरवाले चाचा बसतात. त्यांनी सायकल उलटी केली, दोन पट्ट्या घालून टायरची कड उचलली, ट्यूब बाहेर ओढली, तिच्यात हवा भरली आणि ती हातभर हातभर करत घमेल्यातल्या पाण्यातून फिरवली. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ सुटली. तिथे त्यांनी आगकाडी टोचून खूण केली, ट्यूब पुसली, कानशीने घासली, सोल्यूशनचं बोट फिरवून फुंकर मारली. जुन्या ट्यूबमधून रुपयाएवढा तुकडा गोल कापला, त्याच्या कडा घासून बारीक केल्या, चिकटवला आणि हातोडीने ठोकला. मला वाटलं झालं. पण चाचांनी टायर मांडीवर घेतला आणि आतल्या बाजूने बोटं फिरवायला सुरुवात केली, अगदी हळू, आंधळ्याने चेहरा चाचपावा तशी. मग चिमट्याने वेड्या बाभळीचा काटा बाहेर ओढला आणि नातीच्या तळहातावर ठेवला. "बघून ठेव, बेटा. काटा टायरात राहिला तर दहा पंक्चर काढ, हवा जाणारच."

चाचा टायरबद्दल बोलत होते. मी परतताना दुसरेच काटे मोजत होतो. रस्ता रुंद झाला तशा वाळूच्या गाड्या आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सुसाट झाले, पण सायकलसाठी कडेला हातभर जागा कुणी सोडली नाही. शाळेत सायकल लावायला सावली नाही. दिवसभर उन्हात ट्यूब फुगते आणि फुटते. बहिणीच्या नावावर आलेली सायकल भावाच्या बुडाखाली सापडते, हेही मी पाहिलंय. आणि सगळ्यात खोल रुतलेला काटा म्हणजे सायकल मुलीला बारावीपर्यंत नेते खरी, पुढे पंधरा-वीस किलोमीटरवरचं कॉलेज आलं की पुन्हा तेच "लांब" तिच्या वाटेत उभं राहतं. सायकल गरिबी घालवते असं कुणी सांगितलं तर मी मान डोलावणार नाही. ती एका मुलीचा दिवसातला दीड तास वाचवते. त्या दीड तासात धुणं-भांडी, पाणी आणि गृहपाठ तिघांनाही जागा मिळते. एवढंच तिचं काम आहे, आणि ते ती चोख करते.

पण हे काम चालू राहायचं तर दुरुस्तीची सोय हवी, हे आफ्रिकेत सायकली वाटणाऱ्या 'वर्ल्ड बायसिकल रिलीफ' या संस्थेने फार लवकर ओळखलं. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या मदतकार्यातून ती उभी राहिली आणि पुढे झांबियासारख्या देशांत गेली. तिथल्या खडबडीत वाटांसाठी त्यांनी 'बफेलो' नावाची जाडजूड, ओझं वाहणारी सायकल बनवली. पण नुसती सायकल देऊन ते थांबले नाहीत. गावातल्याच माणसांना दुरुस्ती शिकवली, त्यांच्या हातात पाने दिले, सुटे भाग मिळतील अशी सोय केली. आपल्याकडे वाटप समारंभाला मंडप असतो, हार असतात, फोटो असतो. पाना नसतो.

चमत्कार असा की सायकल बायकांच्या हाती आली ती तिचा मान गेल्यावर. मांडवात हार घालून उभी राहायची तेव्हा ती नवरदेवाची होती. नवरदेवाला फटफटी लागू लागली, सायकलवर बसणं पुरुषाला कमीपणाचं वाटायला लागलं, आणि मग ती रिकामी झाली. आपल्या समाजात बाईच्या वाट्याला पुष्कळ गोष्टी अशाच, पुरुषाने टाकल्यावर येतात. पण ही टाकलेली वस्तू वेगळी निघाली. ज्या सायकलीच्या मागणीपायी मुलीचा बाप वाकायचा, तीच सायकल आता मुलीचं लग्न दोन-चार वर्षं पुढे ढकलते, कारण शाळेत जाणाऱ्या मुलीला स्थळ आलं तरी "दहावी होऊ द्या" म्हणायला घरच्यांना तोंड मिळतं. पन्नास वर्षांत सायकल हुंड्याच्या यादीतून शाळेच्या यादीत गेली. मराठवाड्यात स्त्रियांचं काय बदललं असं मला कुणी विचारलं तर मी बाकी काही न सांगता एवढंच सांगेन.

त्या रविवारी बाजार होता. ताई पिशवी घेऊन निघाली तर नात म्हणाली, "आज्जी, बस मागं." ताई आधी लाजली, मग इकडेतिकडे बघून बसली. दोन्ही पाय एका अंगाला, एका हातात सीटखालची स्प्रिंग, दुसऱ्या हातात पदर. वेशीबाहेर चढ लागला. नात पायडलवर उभी राहून जोर लावत होती. अर्ध्यात दम संपला तेव्हा म्हणाली, "आज्जी, उतर." ताई उतरली आणि कॅरिअर धरून मागून ढकलत चालायला लागली, खळ्यात माझ्या मागे धावायची तशीच. हे मी नंतर आईला फोनवर सांगितलं. आई जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "चढाला मागचीला उतरावंच लागतं, रे. पुढं कोण बसलंय ते सांगितलंस, बरं झालं."

निघताना मी नातीच्या शाळेत गेलो. शिपाईमामांना विचारलं, पोरींच्या सायकलींत हवा कुठे भरता? ते म्हणाले, फाट्यावर, चाचांकडे, पण ते शुक्रवारी दुपारी नसतात आणि पावसात बसत नाहीत. एकशे दहा मुली, सत्तर-बहात्तर सायकली आणि एकही पंप नाही. वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला, निवृत्तीला गावच्या शाळेला आपण भिंतीवरचं घड्याळ देतो, सरस्वतीचा फोटो देतो, नाव घातलेलं कपाट देतो. पुढच्या वेळी पायाने दाबून धरायचा उभा हवेचा पंप द्या. बरोबर दोन पट्ट्या, एक पाना, कानस, चार सोल्यूशनच्या ट्यूबा आणि एक घमेलं. आणि चाचांसारख्या कुणाला तरी एक तासाचे पैसे देऊन मुलींना काटा कसा शोधायचा ते शिकवायला बोलवा. मी तालुक्याहून पंप आणला. चारशे रुपयांना पडला.